गॅम्बलर्स अनॉनिमस: देण्यांच्या यादीतली पहिली ओळ

माझा धाकटा भाऊ ज्या कंपनीचे हिशेब सांभाळत होता, तिच्याच खात्यातून त्याने जुगारासाठी दीड वर्ष पैसे काढले. अपहार उघडकीस आल्यावर वकिलांनी त्याला गॅम्बलर्स अनॉनिमस या, जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या बैठकांना जायला सांगितले आणि शिक्षा ठरवताना न्यायालयापुढे ठेवायला काहीतरी हवे, हा हेतूही लपवला नाही. त्यामुळे या सेवेकडे मी प्रथम संशयानेच पाहिले. आठ महिन्यांनंतर हा अभिप्राय लिहिताना तो संशय पूर्ण गेलेला नाही, पण त्याची जागा बदलली आहे.

1957 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली ही संघटना आज अनेक देशांत चालते. शुल्क नाही, डॉक्टर नाही, आणि सदस्यत्वासाठी जुगार सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. नव्या माणसापुढे वीस प्रश्न ठेवले जातात. ज्यांचा जुगारावर ताबा उरलेला नाही, अशी बहुतेक माणसे त्यांपैकी किमान सातांना होकार देतात, असे संघटना म्हणते. जुगारासाठी पैसा उभा करताना तुम्ही बेकायदा कृत्य केले आहे का, किंवा तसा विचार तरी केला आहे का, हा त्यांतलाच एक प्रश्न आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही गुन्ह्याचा निकष पूर्वी होता, पण तो नसला तरी निदानात फारसा फरक पडत नाही असे दिसल्याने 2013 च्या आवृत्तीत तो वगळण्यात आला. वैद्यकाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण माझा भाऊ त्या प्रश्नापाशी जितका वेळ थांबला, तितका इतर कोणत्याही प्रश्नापाशी थांबला नाही.

साप्ताहिक बैठकीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लोक आळीपाळीने आपली हकिगत सांगतात, त्यात पुनरुक्ती बरीच असते, आणि व्यसनातून बाहेर पडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांमधली, स्वतःहून मोठ्या अशा उच्च शक्तीवर भरवसा ठेवण्याची भाषा सर्वांनाच मानवेल असे नाही. या सेवेचा खरा कस लागतो तो प्रेशर रिलीफ नावाच्या वेगळ्या बैठकीत. काही काळ जुगारापासून दूर राहिलेला सदस्य आणि त्याचे कुटुंबीय जुन्या सदस्यांसमोर सर्व देणी, मिळकत आणि घरखर्च कागदावर मांडतात आणि त्यावरून परतफेडीचे वेळापत्रक तयार होते. माझी भावजय आणि मी त्या टेबलाशी बसलो होतो. भावाने यादीत बँकेचे कर्ज, क्रेडिट कार्डे, हातउसने असे सगळे लिहिले आणि कंपनीची रक्कम मात्र सोडली. ते प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून ते देणे नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. समोरच्या गृहस्थांनी आवाज न चढवता कागद फिरवला आणि तीच रक्कम सर्वांत वर लिहायला सांगितली. आता कुटुंबाने पैसे भरून त्याला सोडवायचे नाही, हेही त्यांनी बजावले. हा टोला मला होता, कारण पहिल्यांदा तूट दिसली तेव्हा ‘एकदाच’ म्हणून ती मीच भरली होती, आणि त्या उपकाराने त्याला आणखी वर्षभर चोरी करायला मोकळीक मिळाली.

व्यसनापायी केलेल्या गुन्ह्याकडे कसे पाहायचे, या ज्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांना सापडत नाही, त्याला या टेबलाने हात घातला असे मला वाटते. 2003 मध्ये अमेरिकेच्या संघीय शिक्षा-मार्गदर्शिकेत जुगाराचे व्यसन हे शिक्षा खाली आणण्याचे कारण नव्हे, असे वाक्य घालण्यात आले. 2005 मध्ये ती मार्गदर्शिका बंधनकारक राहिली नाही, तरी त्यामागची वृत्ती ओळखीची आहे. दुसरीकडे अमेरिकेतल्याच नेवाडा राज्याने 2009 मध्ये अशा गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवण्याची कायदेशीर वाट काढली. एक बाजू व्यसन ऐकायलाच तयार नसते आणि दुसऱ्या बाजूला बचावाचे वकील व्यसनाखाली गुन्हा झाकू पाहतात. शिवाय आर्थिक गुन्ह्यात शिक्षा बरीचशी रकमेवर ठरते, आणि गेलेले भरून काढण्याच्या नादात जुगाऱ्याची रक्कम आजारासोबत वाढत जाते. पण ज्याचे पैसे गेले, त्याचे नुकसान आजारामुळे कमी होत नाही. (अमली पदार्थांसाठी दुकानातून माल उचलणाऱ्याला ही सहानुभूती क्वचितच मिळते, ती कोट घातलेल्या हिशेबनिसालाच का मिळावी, हा प्रश्न मला सख्ख्या भावाच्या बाबतीतही टाळता आलेला नाही.) प्रेशर रिलीफच्या कागदावर व्यसन आणि चोरी शेजारीशेजारी बसतात, आणि एकामुळे दुसरी खोडली जात नाही.

उणिवा लहान नाहीत. प्रत्येक गट आपापला कारभार पाहतो, म्हणून एकीकडचा अनुभव दुसरीकडे मिळेलच याची खात्री नाही. नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असणाऱ्यांना येथे उपचार मिळत नाहीत. त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. हजेरी हा सुधारणेचा पुरावा मानण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण खुर्चीवर बसून राहणे कोणालाही जमते. न्यायाधीशांना खरोखर काही पाहायचे असेल, तर त्यांनी परतफेडीच्या पावत्या पाहाव्यात आणि त्याही उत्पन्नाच्या प्रमाणात, नाहीतर ज्याच्या घरात पैसा आहे त्यालाच सौम्य शिक्षा विकत मिळेल.

पाचपैकी चार तारे देतो, आणि तेही मुख्यतः त्या एका टेबलासाठी. ज्यांच्यावर खटला चालू आहे त्यांनी बैठकीत गुन्ह्याचा तपशील सांगण्यापूर्वी वकिलाशी बोलावे. नाव गुप्त ठेवण्याची तेथील प्रथा म्हणजे वकिलापाशी बोललेल्याला मिळणारे कायदेशीर संरक्षण नव्हे. आणि प्रेशर रिलीफला जाताना सर्व खात्यांचे उतारे छापून न्यावेत. आठवणीवर विसंबून केलेली आमची यादी दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा ती खऱ्यापेक्षा कमी भरली.