आंबा घाटात तापणारी पिकअप आणि हातखंब्याचे हे गॅरेज

माझ्याकडे २०११ सालची महिंद्रा बोलेरो पिकअप आहे. हंगामात रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या आणि उरलेले वर्ष मिळेल तो माल, असे तिचे काम चालते. गेल्या एप्रिलपासून ही गाडी तापू लागली. हातखंबा तिठ्याजवळच्या या गॅरेजपर्यंत मी पोहोचलो, तोवर तिच्यावर दुसरीकडे बराच खर्च होऊन गेला होता. तिथे काय झाले ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इथले काम कशात वेगळे वाटले हे लक्षात येईल.

सपाटीवर गाडी कितीही पळवली तरी तापमानाचा काटा मध्यावरच राहत असे. साखरपा मागे टाकून आंबा घाटाची चढण लागली, की पंधरा-वीस मिनिटांत तो लाल पट्टीकडे सरके, आणि वर जाऊन थांबलो की रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून पाणी उसळून बाहेर येई. पहिल्या गॅरेजात ‘आपल्याकडच्या उन्हात याची गरजच नाही’ असे सांगून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्यात आला. पुढच्या खेपेला वॉटर पंप बदलला. तरीही गाडी पाणी फेकते म्हटल्यावर हेड पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेले असे ठरवून हेड उतरवण्याचा पंधरा हजारांचा अंदाज माझ्या हातात ठेवला. या तिन्ही वेळा गाडी किलोमीटरभरही कोणी चालवून पाहिली नव्हती.

या गॅरेजच्या मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलीच अट घातली, की गाडी रिकामी आणायची नाही, आणि सकाळी इंजिन थंड असतानाच आणायची. म्हणून मी आदल्या संध्याकाळी जांभ्याचे चिरे भरून गाडी त्यांच्या दारात उभी करून ठेवली. सकाळी बॉनेट उघडण्याआधी त्यांनी पाव तास नुसते प्रश्न विचारले. “किती तापते ते मी बघतो, दादा. कधी तापते ते तुम्ही सांगा,” हे त्यांचे वाक्य माझ्या चांगलेच लक्षात राहिले आहे, कारण निम्मे निदान त्या ‘कधी’मध्येच होते. गाडी उभ्याउभ्या किंवा गर्दीत तापत असेल, तर संशय हवेवर, म्हणजे पंखा, फॅन बेल्ट आणि पंख्याभोवतीचे कव्हर यांच्यावर जातो. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याची किंवा सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असण्याची शक्यता मोठी. आणि माझ्या गाडीप्रमाणे ती फक्त ओझ्याखाली, चढणीवर तापत असेल, तर रेडिएटरमधून पुरेसे पाणी खेळते आहे का, हे आधी पाहावे लागते. ऑइल ताकासारखे झाले आहे का, सकाळी पांढरा धूर येतो का, माल न भरता बाटलीतले पाणी कमी होते का, या हेड पॅकिंग गेल्याच्या खुणाही त्यांनी विचारल्या. तिन्हींचे उत्तर नाही असे होते.

त्यानंतर रेडिएटरच्या झाकणाची पाळी आली. (हे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. माझ्या ओळखीच्या एका चालकाच्या हातावर त्याची खूण आजही आहे.) हातपंपासारख्या टेस्टरवर झाकण बसवून त्यांनी दाब चढवला, तेव्हा त्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावरच काटा खाली घसरू लागला, आणि रबराला पडलेली चीर नखाने उघडून त्यांनी मला दाखवली. सुमारे एक बार जादा दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांच्या जवळ उकळते. दाबच टिकत नसेल तर ते शंभरीलाच उकळू लागते आणि बाहेर येते. म्हणजे ‘पाणी फेकते’ एवढ्यावरून हेडला दोषी धरणे घाईचे होते.

हेडची खात्री त्यांनी वेगळी करून घेतली. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून चालू इंजिनावर आतली हवा त्या द्रवातून ओढली. हेड पॅकिंगमधून ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव हिरवट-पिवळा होतो. आमचा निळाच राहिला. बारीक फट कधीकधी ओझ्याखालीच उघडते, म्हणून घाट चढून आल्यावर गाडी निवू देऊन त्यांनी हीच चाचणी पुन्हा केली. निकाल तोच आला आणि माझे पंधरा हजार तिथेच वाचले.

घाट म्हणजे निवळीचा. भरलेली गाडी चढवून त्यांनी वर बाजूला घ्यायला लावली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर काढला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे उपकरण कमी आकडा दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर त्यांनी निघण्यापूर्वीच काळ्या टेपचा तुकडा चिकटवून ठेवला होता. तिथे १०३ अंश आले, म्हणजे डॅशबोर्डचा काटा खोटे बोलत नव्हता. मग रेडिएटरच्या जाळीवरून थर्मामीटर सावकाश फिरवला. बहुतेक भागात ९०च्या आसपास आकडे होते, पण एका बाजूच्या चार बोटे रुंद पट्ट्यात जेमतेम ६०. त्या नळ्यांतून गरम पाणी जातच नव्हते. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतल्याने ब्लॉकच्या बिडाला गंज चढून त्याचा तांबूस गाळ तिथे बसला होता. ही चूक अर्थातच माझी आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकल्याने भरच पडली होती. या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना इंजिनाकडे परत वळणारी बायपासची वाट बंद करतो; तो नसला, की ती वाट कायम उघडी राहते आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परतते. थंडीत याच्या उलट होते. इंजिन लवकर तापत नाही आणि डिझेल जास्त जळते.

रेडिएटर बाहेरच्या कारागिराकडून उघडून रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढून, आणला, ब्लॉक स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतला, झाकण बदलले. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी तो तारेला टांगून, तळाला टेकू न देता, पाण्याच्या पातेल्यात सोडला आणि पातेले गॅसवर ठेवले. ८२ अंशांच्या सुमारास झडप हळूहळू उचलली गेली, आणि त्यावर कोरलेला आकडाही ८२ हाच होता. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. तपासणीचे आठशे रुपये धरून एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला.

तक्रारीही आहेत. दोन दिवस सांगून गाडी पाच दिवसांनी मिळाली, आणि रेडिएटरच्या कारागिराकडे उशीर होतो आहे, हे कळवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. ऐन हंगामात तीन फेऱ्या बुडणे मला परवडणारे नव्हते. दुसरे म्हणजे, पंख्याभोवतीचे कव्हर एका बाजूने फुटून तारेने बांधलेले होते, हे इतक्या बारकाईच्या तपासणीतही सुटले. चढणीवर गाडीचा वेग कमी असतो आणि तेव्हा हवा ओढण्याचा सगळा भार पंख्यावरच असतो, म्हणून ही चूक किरकोळ नव्हे. पुढच्या आठवड्यात गर्दीत काटा एक रेघ वर गेलेला दिसल्यावर मीच ते दाखवून दिले. त्यांनी चूक मान्य केली आणि मजुरी न घेता नवे कव्हर बसवले.

बिल वहीच्या कागदावर मिळते, पण सुट्या भागांचे आणि मजुरीचे आकडे वेगळे लिहिलेले असतात आणि काढलेले जुने भाग न मागता पिशवीत घालून देतात. बसायला सावली नाही. त्यानंतर पेट्या भरून आंबा घाटाच्या सात फेऱ्या झाल्या आणि काटा मध्याच्या जेमतेम वर जाऊन परत येतो. गाडी न्यायची असेल तर आदल्या दिवशी फोन करून माल भरूनच न्यावी. रिकामी नेल्यास ते परत पाठवतात.