नऊ महिने रंगीत मिनींसोबत : हातात घेऊन नाही, टेबलावर ठेवून बघा

पहिली मिनी, म्हणजे डी-अँड-डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळताना पात्र म्हणून पटावर उभी करायची छोटी मूर्ती, डब्यातून काढली, डोळ्यांपाशी नेली आणि मन खट्टू झालं. ऑर्क होता, म्हणजे दांडगा, रानटी लढवय्या. डावा डोळा जागेवर, उजवा गालावर. कमरेचा पट्टा रंगवताना ब्रश थेट मांडीवर घसरलेला. फोटोत हाच गडी काय रुबाबदार दिसत होता! त्याच रात्री खेळात तो पटाच्या मध्यभागी उभा राहिला, आणि समोर बसलेला, रेंजरचं पात्र खेळणारा आमचा मित्र म्हणाला, "हा सरदार दिसतोय, आधी ह्याला उडवू." गालावरचा डोळा कुणाच्या लक्षातही आला नाही. तेव्हापासून नवी मिनी आली की मी ती आधी टेबलावर ठेवते, दोन पावलं मागे सरते आणि मगच मत बनवते.

मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी, गट पाच जणांचा, खेळ दर आठवड्याला. आधी बाटल्यांची झाकणं आणि बुद्धिबळातली प्यादी चालायची. पण दर दोन मिनिटांनी "हे प्यादं लांडगा की पहारेकरी?" हे ऐकून कंटाळा आला. स्वतः रंगवायचाही प्रयत्न झाला. एक ड्वॉर्फ (बुटका योद्धा) रंगवण्यात अडीच संध्याकाळी गेल्या आणि तो पहिल्याच दाराच्या सापळ्यात गेला. मग ठरवलं, रंगवूनच आलेल्या घ्यायच्या. आज ७०-एक मिनी आहेत. त्यातल्या निम्म्या मी पुन्हा घेतल्या नसत्या.

आधी मापाचं बोलू, कारण माझ्या सगळ्यात महागड्या चुका तिथेच झाल्या. आपल्या पटावरचं एक घर १ इंचाचं, म्हणजे खेळातले ५ फूट. माणसाएवढ्या जीवाला १ इंचाचा बेस (पायाखालची बैठक), ओगरसारख्या मोठ्याला २ इंचांचा, राक्षसांना ३, आणि अतिप्रचंड ड्रॅगनला ४ किंवा जास्त. बहुतेक मिनी '२८ मिमी' (माणसाच्या मिनीची साधारण उंची) म्हणून विकल्या जातात, पण त्यावर फार विसंबू नका. एका मालिकेतला योद्धा दुसऱ्या मालिकेतल्या योद्ध्याच्या खांद्याला लागतो, आणि ते टेबलावर चालूनही जातं, माणसं काय सारख्या उंचीची असतात? बेस चुकला की मात्र खेळ अडतो. २००० साली आलेल्या 'मेज नाइट' ह्या खेळाच्या जुन्या रंगीत मिनी अजून फिरत असतात. त्यांच्या बेसमध्ये आकडे दाखवणारी फिरती चकती असते आणि तो बेस एका घरात मावत नाही. त्या घेणार असाल तर चकतीवरून सुटी करून नव्या बेसवर चिकटवायची तयारी ठेवा. मी तशा पाच केल्या. काम किचकट नाही, फक्त घोट्यापाशी कापताना सुरी जपून चालवायची.

आता बंद डब्यांबद्दल. आत काय निघेल ते माहीत नसलेले बूस्टर. ही पद्धत ह्या छंदात जुनी आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ह्या कंपनीने २००३ मध्ये डी-अँड-डीच्या रंगीत मिनी काढल्या तेव्हाही त्या अशाच, एका डब्यात कुठल्याही आठ, अशा मिळायच्या, आणि सोबत त्यांचा वेगळा लढाईचा खेळ होता. २०१४ पासूनच्या विझकिड्स कंपनीच्या 'आयकॉन्स ऑफ द रेल्म्स' मालिकेतही बूस्टर आहेत. डबा फोडण्याची मजा मी नाकारत नाही, मीही फोडले. पण हिशेब बघा. मला हवे होते आठ गॉब्लिन, म्हणजे टोळीने येणारे छोटे दुष्ट जीव. हाती आले दोन गॉब्लिन, एक पंखवाला घोडा, एक समुद्री चेटकीण आणि नावही धड उच्चारता येत नाहीत असे चार जीव. आमची मोहीम डोंगरात चाललेली; समुद्री चेटकीण काय डोंगर चढणार? जमवायचा छंद असेल तर बूस्टर घ्या. खेळायचं असेल तर सुट्या घ्या, हव्या त्या, हव्या तितक्या. डबे फोडून सुट्या विकणारे असतात, आणि त्यांच्याकडे कॉमन (सर्रास निघणाऱ्या) मिनी रेअरपेक्षा (क्वचित निघणाऱ्यांपेक्षा) खूप स्वस्त पडतात. बेसच्या खाली सहसा नाव आणि क्रमांक छापलेला असतो, त्यावरून हवी ती नेमकी शोधता येते.

आणि खरी गरज कॉमनचीच असते. गॉब्लिन, लांडगे, सांगाडे, पहारेकरी, गुंड. माझ्याकडचा मोठा लाल ड्रॅगन नऊ महिन्यांत दोनदा पटावर आला. दोन्ही वेळा त्याचे पंख आजूबाजूच्या घरांवर इतके पसरले की त्याच्याशी भिडायला गेलेल्या मिनी उभ्याच राहीनात. शेवटी त्याला बाजूच्या कपाटावर बसवला आणि त्याच्या जागी ताटली ठेवली. सहा सांगाडे मात्र जवळजवळ दर आठवड्याला कामावर असतात.

एकसारखे सहा असले की कुणाला किती घाव बसलेत ह्याचा गोंधळ होतो. मी बेसच्या कडेला वेगवेगळ्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. "लाल ठिपकेवाल्याला मारतो" म्हटलं की काम झालं.

रंगकामात मी दोनच गोष्टी बघते. एक, बाह्याकृती: हत्यार अंगापासून सुटं दिसतंय का, लांबून हा जादूगार आहे की धनुर्धारी हे कळतं का. दोन, खोबणीत गडद वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) उतरवलाय का. वॉश नसलेली मिनी सपाट दिसते, साबणाच्या वडीसारखी. हे घरीही सुधारता येतं: काळपट तपकिरी अॅक्रिलिक रंग पाण्यात चांगला पातळ करायचा, मिनीला फासायचा आणि उंचवट्यांवरचा ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. एका संध्याकाळी दहा होतात. भुतं, आगीचे जीव, पारदर्शक चौकोनी जेली असल्या मिनी डोळे मिटून घ्या. रंगीत आरपार प्लॅस्टिकचंच ओतलेलं रूप असतं, रंगवणाऱ्याचा हात चुकायला जागाच नाही.

ह्या सगळ्याला अपवाद एकच, खेळाडूंची स्वतःची पात्रं. तो माणूस ती मिनी चार तास हातात घोळवतो, तिचं नाक, बोटं, बूट सगळं त्याला पाठ होतं. तिथे तिरळा डोळा चालत नाही. आमच्या गटातल्या धर्मगुरूच्या पात्रासाठी मी घाईत एक घेतली. हातात गदा हवी होती, तिच्या हातात तलवार. नऊ महिने झाले, अजून टोमणे खातेय. पात्राची मिनी खेळाडूलाच निवडू द्या, आणि जास्तीचे पैसे घालवायचेच तर तिथे घालवा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर ह्या मिनींचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ असतं, पडलं तरी सहसा फुटत नाही. वाकतं मात्र हमखास. भाले आणि तलवारी डब्यातूनच केळ्यासारख्या निघतात. गॅसवरून उतरवलेल्या कडक पाण्यात भाला मिनिटभर बुडवायचा, चिमट्याने काढून सरळ करायचा आणि तसाच धरून लगेच थंडगार पाण्यात घालायचा. काही पुन्हा हळूहळू वाकतात, मग पुन्हा तेच. रंग आधी उडतो तो नाकाचा आणि तलवारीच्या टोकाचा. तो वाचवायला मी दोन मिनींवर स्प्रेचं व्हार्निश मारलं आणि पस्तावले. मऊ पीव्हीसीवर ते चिकटच राहिलं. दोघी आता धूळ गोळा करतात. बाकीच्यांना ब्रशने पाण्यातलं मॅट व्हार्निश लावलं, ते नीट बसलं. ठेवताना एकावर एक रचू नका, उन्हात तर अजिबात नको. मी खणांच्या डब्यात स्पंज घालून उभ्या ठेवते. उंच आणि पुढे झुकलेल्या मिनी सारख्या कोलमडायच्या, त्यांच्या बेसखाली लोखंडी वायसर चिकटवलेत.

पुढच्या महिन्यात बर्फातली मोहीम सुरू होतेय. लांडगे चार आहेत, हवेत आठ. पांढरे मिळाले तर उत्तम, नाहीतर तपकिरी घेऊन पाठीवर पांढरा रंग कोरड्या ब्रशने ओढेन. विकणाऱ्याला मात्र आधीच विचारून ठेवलंय, चौघेही चार पायांवर उभे राहतात ना?