मीटरवर 82,640, खरं रनिंग 2,29,640

जानेवारी 2025 मध्ये मी नाशिकमध्ये एक जुनी जर्मन सेडान घेतली. 2014 चं मॉडेल, डिझेल, ऑटोमॅटिक, पुणे पासिंग. घेतली त्या दिवशी मीटरवर 82,640 किलोमीटर होते. गाडी खरी 2,29,640 किलोमीटर पळालेली होती. मधले 1,47,000 कुणीतरी अर्ध्या तासात पुसून टाकले होते. ते कसं कळलं, कळायला उशीर का झाला आणि त्या उशिरात किती पैसे गेले, हे सगळं लिहितो आहे, कारण माझ्यासारखं कामासाठी रोज लांब फिरणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत आणि अशा गाड्या हेरून हेरून त्यांनाच दाखवल्या जातात.

मी डायलिसिसची यंत्रं आणि त्यांना पाणी पुरवणारे आरओ प्लांट दुरुस्त करतो. घर इंदिरानगरला, काम मात्र मालेगाव, धुळे, नंदुरबार, जळगाव, संभाजीनगर, कधी पुणे. महिन्याला साडेतीन-चार हजार किलोमीटर ठरलेले. एका रुग्णाच्या 4 तासांच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओ बंद पडला की वॉर्डातली सगळी यंत्रं एकदम थांबतात, आणि बाकावर पुढच्या पाळीचे रुग्ण बसलेले असतात. त्यामुळे रात्री अकराला फोन आला तरी निघावं लागतं. आधीच्या लहान गाडीने 11 वर्षं साथ दिली, पण तिच्या सीटवर माझ्या कंबरेची वाट लागली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चांगल्या सीटची गाडी घ्या, नाही तर फिरणं कमी करा. फिरणं कमी केलं तर घर कसं चालणार?

जुनी महागडी गाडी घ्यायचा विचारच मूर्खपणाचा होता, असं मला अनेकांनी नंतर ऐकवलं. मला आजही तसं वाटत नाही. गोंद्याला समृद्धीवर चढून 120 ने संभाजीनगरकडे निघालं की जड, रुंद, रस्ता धरून चालणाऱ्या गाडीत आणि हलक्या गाडीत काय फरक असतो, तो अंगाला कळतो. उतरल्यावर पाठ धरत नाही. एअरबॅग आणि ब्रेक वरच्या दर्जाचे मिळतात. आणि नवी असताना चाळीस-पंचेचाळीस लाखांची गाडी 10 वर्षांनी आठ-नऊ लाखांत येते. हिशेब बरोबर होता. त्यात घातलेला आकडा खोटा होता.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. महामार्गालगतचं, काचेच्या केबिनचं, वीस-पंचवीस गाड्या पुसून चकाचक लावलेलं दुकान. गाडी दाखवायच्या आधी त्याने चहा मागवला आणि प्रश्न विचारले. काम काय, कुठं कुठं जाता, महिन्याला किती होतात, एकटे असता का, आधीची गाडी कोणती. मी सगळं मोकळेपणाने सांगितलं. कंबरेचंसुद्धा. मग तो म्हणाला, “सर, मग तुम्हाला ही एकच गाडी. ही सिटीत चालवायची गाडीच नाही, हायवेसाठी बनलेली आहे.” दार उघडून आधी त्याने मला सीटवर बसवलं आणि पाठीचा आधार पुढे-मागे करणारी बटणं दाखवली. बॉनेट कितीतरी वेळाने उघडलं. त्याला काय विकायचं आहे ते मीच त्याला सांगितलं होतं.

रनिंग कमी कसं, हे मी विचारलं. विचारलं नाही असं कुणी समजू नये. त्याने सर्व्हिस बुक पुढे ठेवलं. 2019 पर्यंतचे सगळे शिक्के, शेवटचा 71,400 ला. पुढची पानं कोरी. “सेकंड ओनर साहेब परदेशात असतात. गाडी बंगल्यात उभी. आले की महिनाभर चालवतात, बाहेरच ऑइल बदलतात.” 71,400 वरून पाच-सहा वर्षांत 82,640. पटण्यासारखं होतं. आणि तेच मला आज सगळ्यात लागतं, की त्या पुस्तकातला प्रत्येक शिक्का खरा होता. पहिल्या मालकाने खरोखर तेवढीच चालवली होती. खोटं होतं ते कोऱ्या पानांवर.

सोबत त्यांच्याच माणसाने भरलेला तपासणीचा दोन पानी कागद होता, सगळीकडे बरोबरच्या खुणा. माझ्यासमोर त्याने एक लहानसं यंत्र स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावून मोबाइलवर “नो फॉल्ट” दाखवलं. असं साधं यंत्र फक्त इंजिन आणि धुरासंबंधीचे दोष वाचतं. गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, चावी यांच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे त्या त्या भागाच्या छोट्या संगणकात, ते शिरतच नाही. मी स्वतः यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आहे. डायलिसिस यंत्राचा लॉग पूर्ण वाचल्याशिवाय मी सहीसुद्धा करत नाही. इथे केली.

टेस्ट ड्राइव्ह विल्होळीपर्यंत आणि परत. बारा-पंधरा मिनिटं. मी पोचलो तेव्हा इंजिन गरमच होतं. “आत्ताच धुऊन आणली” असं सांगितलं. अशा गाड्यांचे गिअरबॉक्सचे आजार पंधरा मिनिटांत दिसत नाहीत. तेल पूर्ण तापल्यावर, तासाभराने, चढावर दिसतात. ज्याला लांब पल्ल्यासाठी गाडी हवी आहे त्याने निदान चांदवडपर्यंत किंवा कसारा घाट उतरून-चढून चालवून पाहिलीच पाहिजे, आणि तीही सकाळी थंड इंजिनावर स्वतः स्टार्ट करून. डिझेल तुमचं घाला. तरी नाही म्हणाला तर तिथून निघा.

व्यवहार 8,60,000 ला ठरला. 21,000 टोकन. माझी एक एफडी आणि बायकोने शिकवण्यांतून साठवलेले अडीच लाख. त्यातले 1,90,000 त्याने रोख मागितले. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, म्हणून आकडा बरोबर त्याच्या आत. पावती फक्त बँकेतून दिलेल्या 6,70,000 ची. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर एक ओळ होती: “गाडी पाहून, चालवून, पूर्ण समाधान झाल्यावर आहे त्या स्थितीत घेतली.” रनिंगचा रकाना त्या कागदावर नव्हताच. मी तो मागून घ्यायला हवा होता: मीटरचा आकडा, तो खरा असल्याची हमी, विक्रेत्याची सही. जो खरं बोलतो त्याला एवढं लिहून द्यायला काहीच जड जात नाही.

तीन महिने गाडी सुंदर चालली. जवळजवळ 11,000 किलोमीटर. मग एप्रिलमध्ये धुळ्याला एका हॉस्पिटलच्या आरओचा पंप गेला म्हणून दुपारी निघालो. उन्हाने रस्ता तापलेला. मालेगाव सोडल्यावर गिअर बदलताना धक्का बसू लागला, आणि लळिंग घाटात डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं चिन्ह उजळून गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. मागे कंटेनर. चाळीसच्या वर वेग जाईना. कडेला घेतली, बंद करून चालू केली, पुन्हा तेच. पंपाची पेटी खांद्यावर घेऊन मी एका टेम्पोला हात केला आणि दीड तास उशिरा पोचलो. वॉर्डात सात जण थांबले होते. एका आजींनी फक्त विचारलं, “आलात का भाऊ?” मला वर बघवलं नाही.

गाडी टोइंग करून अंबडला एका ओळखीच्या मेकॅनिककडे आणली. त्याच्याकडे या गाड्यांची सगळी युनिट वाचणारा स्कॅनर आहे. चाळीस मिनिटांत त्याने मला बोलावलं. “दादा, मीटरवर किती आहे?” मी म्हटलं, त्र्याण्णव हजार आठशे. त्याने स्क्रीन वळवली. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये एका जुन्या दोषाची नोंद होती, आणि तो दोष आला तेव्हाचे किलोमीटर होते 2 लाख 14 हजार. मीटर मागे घेणाऱ्याने डॅशबोर्डचा आकडा बदलला होता, पण गाडीतली युनिटं आपापल्या नोंदी ठेवत असतात आणि त्या सगळ्या पुसायचे कष्ट कुणी घेत नाही. मग एअर फिल्टरचा डबा काढताना त्याच्या खालच्या बाजूला ऑइल बदलल्याची एक चिठ्ठी सापडली. पुण्यातल्या गॅरेजची, मार्च 2024 ची, बॉलपेनने लिहिलेली: 2,18,400, पुढील ऑइल 2,28,400.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं मीटर मागे घेतलं म्हणजे किंमत जास्त लागली, एवढंच. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. गाडीची सगळी देखभाल किलोमीटरवर चालते. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी त्यातलं तेल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला किंवा 8 वर्षांनी बदलायला सांगते. मी घेतल्यावर विचारलं, तेव्हा विक्रेता म्हणाला, आत्ताशी 82 हजार, अजून तीस हजार बघायचं कारण नाही. आणि वर्षांचा हिशेब मी तेव्हा केला नाही. प्रत्यक्षात गाडी सव्वादोन लाखांच्या पुढे गेली तरी ते तेल एकदाही बदललेलं नव्हतं. काळं, जळका वास, तळाशी धातूची भुकटी. वेळेवर तेल बदलण्याच्या खर्चाच्या जागी गिअरबॉक्स नवा टाकायचा अंदाज आला 3,85,000. शेवटी मुंबईत एका जाणकाराकडे उघडून दुरुस्त केला, 1,62,000 लागले आणि गाडी 26 दिवस उभी. खोट्या आकड्याने मला आजारी गाडी निरोगी समजून पळवायला लावलं.

टायरचंही तसंच. चारही टायर काळं पॉलिश मारून नव्यासारखे केलेले. बनवल्याचा चार आकडी शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या दोन टायरांवर तो आतल्या बाजूला होता. लिफ्टवर चढवल्यावर दिसला: 1417. म्हणजे 2017 सालचे टायर, आणि त्यांवर मी समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर 120 ने जात होतो, दोन वेळा तर मुलीला घेऊन. हे आठवलं की अजून हात थंड पडतात.

आरसीवर आधीच्या मालकाचा पुण्याचा पत्ता होता. मी बसने गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ, बांधकामाचा व्यवसाय. परदेशात कधीच गेलेले नाहीत. पुणे-नागपूर साइटवर याच गाडीने पाच वर्षं जात होते. मी कागद काढले तसे ते गप्प झाले. मग त्यांनी मोबाइलमध्ये शोधून गाडी एजंटला दिली त्या दिवशीचा फोटो दाखवला, चावी, आरसी आणि मीटर एकत्र: 2,29,380. विकली 4,90,000 ला. “गिअरबॉक्सचं तेल करायचं राहिलंय, हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं,” ते म्हणाले. फोटो त्यांनी लगेच पाठवला, आणि लागलं तर ग्राहक आयोगात येऊन सांगेन असंही म्हणाले. जेवायचा आग्रह केला. खरं रनिंग सांगून कुणी ही गाडी मला साडेपाचला दिली असती तर मी घेतली असती, आधी गिअरबॉक्सचं तेल आणि टायर केले असते, आणि आज समाधानी असतो.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं. “आम्ही फक्त मध्ये होतो सर. आरसी बघा, गाडी त्यांच्या नावावरून तुमच्या नावावर गेलीय.” ते खरं आहे आणि इथेच सावध राहायला हवं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात आल्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. याने दोन्ही केलं नव्हतं. टोकन देण्यापूर्वी ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जुनी नोंद विचारा. एम-परिवहन ॲपवर कितवा मालक आणि कर्जाचा बोजा पाहा. आधीच्या मालकाशी फोनवर का होईना, स्वतः बोला. “ते बोलत नाहीत” असं उत्तर आलं तर मला तिथे काय लपलेलं होतं ते आठवा. आणि तपासायला मेकॅनिक तुमचा हवा. माझ्या मेकॅनिकने पूर्ण स्कॅनचे 1,500 रुपये घेतले.

पोलिसांकडे अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली. आधी “हे दिवाणी आहे” म्हणून परत पाठवत होते. फोटो आणि स्कॅनचा अहवाल जोडल्यावर अर्ज घेतला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये, आणि घटनेपासून 2 वर्षांत तक्रार करता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आधी फोन केला होता. माझी दाव्याची रक्कम 6,70,000 वरून मोजली जाते आहे. रोख दिलेले 1,90,000 कुठल्याच कागदावर नाहीत. ते बायकोच्या पैशांतले होते.

गाडी मी विकलेली नाही. विकायची तर पुढच्याला खरा आकडा सांगावा लागेल आणि तो सांगणार आहेच, पण सध्या काम चालू ठेवायला तीच आहे. स्टिअरिंगच्या बाजूला मी एक पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर मार्करने लिहिलं आहे: अधिक 1,47,000. प्रत्येक ऑइल, प्रत्येक फिल्टर त्या बेरजेवरून बदलतो.