आठ महिने, चार क्राफ्ट वीकेंड आणि सोबत नेलेली पुस्तकं: वापरानंतरचा अनुभव

दर दोनेक महिन्यांनी आम्ही आठ-दहा जणी वीकेंडला क्राफ्ट रिट्रीट करतो, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, कुणी विणतंय कुणी भरतंय कुणी काहीतरी चिकटवत बसलंय. सोबत वाचायला काय घेऊ हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. मी चारही वेळा वेगळा प्रयोग केला आणि त्यातल्या दोनदा सपशेल तोंडावर पडले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिल्या वेळी रहस्यकथेचं ऑडिओबुक. वाटलं हात मोकळे राहतील, कान मोकळे राहतील, अजून काय पाहिजे. पण विणायला घेतली होती स्वेटरची बाही, दर सहाव्या ओळीला दोन टाके कमी करायचे. आता होतं काय, की मोजणं म्हणजे मनातल्या मनात बोलणंच असतं ना, आणि कानात दुसरं कुणीतरी बोलतंय, मग दोघांपैकी एकाचंच ऐकू येतं. दोन तासांनी बघते तर एक बाही दुसरीपेक्षा आठ ओळी लांब! उसवली. खुनी कोण ते कळलं, पण खून का केला ते नेमकं टाके मोजताना निसटलं. चूक पुस्तकाची नव्हती, वाचणारीचा आवाज तर फार छान होता, माझी जोडी चुकली.

दुसऱ्या वेळी अद्दल घडली म्हणून कागदी पुस्तक नेलं, सहाशे पानांची कादंबरी. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाहीये कारण चाळीस पानंच झाली. पाठ नुसती गोंदाने चिकटवलेली होती, असं पुस्तक हात काढला की मिटतं, आणि दोन्ही हात तर भरतकामाच्या रिंगमध्ये अडकलेले. चिमटे लावून बघितले, मग पान उलटायला दर वेळी चिमटे काढा. शिलाई बांधणीचं पुस्तक बरंचसं सपाट उघडं राहतं, तेव्हा कागदी न्यायचंच असेल तर घरीच टेबलावर उघडून ठेवून बघा, राहतंय का.

तिसऱ्या वेळी ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनवर ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, तो तेव्हापासून कायम बॅगेत असतो. स्टँडला टेकवून ठेवायचा, फॉन्ट नेहमीपेक्षा दोन पायऱ्या मोठा करायचा कारण मांडीवर विणकाम असलं की पुस्तक हातभर लांब जातं. खिडकीतल्या उन्हात मोबाईलचा आरसा होतो तसं याचं होत नाही. मुख्यतः पान बदलतानाच वीज खातो त्यामुळे चार्जर घरी विसरले तरी काही अडलं नाही. पान उलटायला बाजूला बटण असलेलाच घ्या हे मात्र कळकळीने सांगते, बोटाच्या पेराने दाबता येतं. टचस्क्रीनवर गोंदाची बोटं लावली की काय होतं ते मी मैत्रिणीच्या रीडरवर बघितलंय. आणि विणकामाचा चार्ट (कुठला टाका कुठे ते दाखवणारा चौकटींचा नकाशा) त्याच्यावर वाचायच्या फंदात पडू नका, माझा ब्लॅक अँड व्हाइट आहे, चार रंगांचा चार्ट चार करड्या छटांत दिसतो, शिवाय चार्ट आणि गोष्ट यांत उड्या मारताना दोन्हीकडचा धागा सुटतो. चार्ट प्रिंट काढून न्या.

चौथ्या वेळी कुठे गणित जमलं. सगळ्यात आधी हिशेब केला. ऑडिओबुकमध्ये मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्द वाचतात, म्हणजे ८०,००० शब्दांची कादंबरी सव्वाआठ तासांच्या पुढेच जाते. वीकेंडला तेवढा वेळ मिळतो असं वाटतं, पण गप्पा असतात, कुणाचा तरी गुंता सोडवायचा असतो, मला जेमतेम चार-पाच तास मिळाले. मग कथासंग्रह नेला, एकेक कथा वीस-पंचवीस मिनिटांची, आणि एक आधी वाचलेलं ललित लेखांचं पुस्तक. वाचलेलं पुस्तक परत नेणं काहींना वाया घालवल्यासारखं वाटेल, मला उलट तेच सगळ्यात सोयीचं पडलं, दोन वाक्यं निसटली तरी बिघडत नाही. आणि चिकटवलेलं सुकायला ठेवलं की जो अर्धा-पाऊण तास हात रिकामे असतात तो एका कथेला बरोब्बर पुरतो!

त्याच वेळी एकीचं मनगट दुखत होतं म्हणून ती शनिवारी दुपारी मोठ्याने वाचत बसली आणि बाकीच्यांनी विणलं. (क्यूबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवायला खास माणूस असायचा, त्यामुळे आम्ही काही नवीन शोध लावला नाही.) ऑडिओबुकपेक्षा हे भारी, कारण "थांब गं, टाका गळला" म्हटलं की ती थांबायची.

थोडक्यात आता मी पुस्तक निवडताना आवड नंतर बघते, आधी हातात काम काय आहे ते. मोजायचं काम असेल तर कानात काही नाही, फार तर नुसतं संगीत. पुढच्या वेळी साधी शाल घेतलीये, सगळे सुलट टाके, मोजायची भानगडच नाही. तेव्हा ती रहस्यकथा परत पहिल्यापासून लावणार आहे, खून का केला ते मला अजून कळलेलं नाहीये.