कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान, रेशन किटसाठी एक नंबर

आम्ही चर्चमधली आठ-दहा जणं मिळून दर महिन्याला गरजू कुटुंबांना रेशन किट देतो, 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हापासनं चालू आहे. आधी दुसऱ्या एका ठिकाणची तूरडाळ घेतली तर पोरकिडे निघाले, रात्री अकरापर्यंत निवडत बसलो. इथं मालक पोतं फोडून डाळ आपल्या तळहातावर ठेवतात, बघा म्हणतात, मगच वजन. तांदूळ-डाळीच्या पिशव्या पण किलोकिलोच्या बांधूनच देतात त्यामुळं आमचं निम्मं काम वाचतंय. परवा एक आजी डाळीचा वास घेऊन म्हणाल्या, "चांगली हाय की रं बाळा", लई बरं वाटलं. पार्किंग अवघड आहे, सकाळी लवकर जावा.