दोन घड्याळांचा गेज सेट: घरच्या एसीला पास, गाडीला काठावर पास

एसीतल्या गॅसचं प्रेशर मोजायचा हा सेट. बॉक्सवर छापलंय, आर-२२, आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२, सगळे गॅस याच एका सेटवर. नागपूरच्या दुकानदारानंही तेच गायलं, "भाऊ, हा एक घेऊन जा, घर आन् गाडी दोन्ही निपटते." आर्णीच्या आसपासच्या गावांत मी दोन्ही कामं करतो, म्हणून साडेतीन हजार मोजले. अख्खा उन्हाळा वापरला, आता सांगतो.

बॉडी पितळेची आहे, हातात घेतल्यावर वजन कळते. लाइनी (रबरी पाइप) पाच फुटी, त्यावर ८०० वर्किंग आणि ४००० बर्स्ट छापलेलं, म्हणजे ८०० पीएसआयवर चालवायच्या, ४००० ला फुटतात. पुढचे प्रेशरचे आकडेही पीएसआयमधेच. हूक मजबूत आहे. एसीचं आउटडोअर युनिट स्लॅबच्या कडेला टांगलेलं असलं की याची किंमत समजते. काटा शून्यावर आणायचा स्क्रू काच काढल्यावर सापडतो. तो पहिल्याच दिवशी फिरवून घ्या, नवा असला तरी काटा शून्याच्या जरा वरच थांबलेला होता.

घरच्या स्प्लिटला हा सेट मस्त. आता गावातही नवे इन्व्हर्टर एसी आर-३२ चे येतात, त्याचं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. आर-२२ सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या, कमी प्रेशरच्या बाजूला) ६०-७५ दाखवते, तिथं आर-३२ १२०-१५० दाखवते. एसी बंद असताना बाहेर ४० डिग्री असेल तर आर-३२ नुसतं उभ्या उभ्या ३४५ च्या घरात असते. ज्याचं निळं, म्हणजे कमी प्रेशरच्या बाजूचं घड्याळ २५० वर संपते असा जुना गेज तिथं लावला तर काटा गेलाच समजा. याचं निळं ५०० पर्यंत, लाल (जास्त प्रेशरच्या बाजूचं) ८०० पर्यंत. पोर्टही वेगळं: आर-२२ ला पाव इंची लाइन, आर-३२ ला ५/१६ चं ॲडॉप्टर लागते. डब्यात ते एकच निघालं, दुसरं वेगळं घेऊन ठेवा. आणि इन्व्हर्टरचा गॅस नुसत्या काट्यावर भरू नका बाप्पा, कॉम्प्रेसर स्पीड बदलते तसा काटा नाचते. व्हॅक्यूम करून (पंपानं आतली हवा ओढून) वजनकाट्यावर भरा.

गाडीला मात्र हेच मोठेपण नडते. आर-१३४ए च्या गाडीत लो साइडचं (निळ्या घड्याळाचं) सगळं काम ३० ते ४५ च्या मधात. पाचशेच्या घड्याळावर तेवढी जागा म्हणजे बोटाच्या पेराएवढी, एक रेघ दहाची. भर दुपारी बॉनेटवर वाकून ३५ आहे की ४२ हे वाचून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा. त्यात काचेला उजेडाची झळक.

कपलरचंही तसंच, म्हणजे लाइन गाडीच्या पाइपाला जोडायच्या तोंडाचं. निळं १३ एमएमचं, लाल १६ चं, त्यामुळे उलटं लागायची भीती नाही. जाड पाइपाला निळं, बारक्या पाइपाला लाल. पण लाल कपलरची कॉलर कडक आहे. टक् आवाज आला तरी नॉब पूर्ण फिरवल्याशिवाय आतली पिन दबत नाही आणि काटा शून्यावरच बसून राहते. आतलं रबर महिनाभरात चपटं झालं, नवं टाकलं, सुसू बंद.

तरी एक काम या सेटनं झकास केलं. एका जिनिंगवाल्याची बोलेरो आली, एसी गार होत नाही. कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, "गॅस कमी आहे." इंजिन बंद असताना दोन्ही काटे १३५ च्या आसपास, तर मालक म्हणे, "पहा, गॅस तर फुल्ल आहे!" तसं नसते. आत थोडाही द्रव गॅस असला की बंद गाडीतलं प्रेशर बाहेरच्या गरमीनं ठरते, किती भरला आहे ते कळत नाही. इंजिन दीड हजार आरपीएमला धरलं, दारं उघडी, ब्लोअर फुल. निळा ६० वर, लाल ३३० ला टेकायला निघाला. दोन्ही वर म्हणजे गॅस कमी नाही. एकतर जास्त भरला, नाहीतर कंडेन्सरला (ग्रिलमागची गॅस थंड करणारी जाळी) हवा लागत नाही. ग्रिल काढली तर जाळीत रुईचा थर, गादीसारखा, त्यावर धूळ आणि तेल. आतल्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुतलं, पंखा तपासला, पुन्हा गेज लावला: निळा चाळिशीत, लाल अडीचशेवर. बेचाळीस डिग्रीला हे ठीकच. गॅस एक ग्रॅमही टाकला नाही. मालकानं मजुरी देताना तोंड वाकडं केलं, म्हणे नुसतं धुतलं तर!

माझा हिशोब असा: फक्त घरचे एसी करत असाल तर बिनधास्त घ्या. गाड्या जास्त असतील तर आर-१३४ए चा वेगळा गेज घ्या, निळं घड्याळ लहान रेंजचं. मी तसंच केलं, लाइनीही वेगळ्या ठेवल्या, कारण गाडीच्या कॉम्प्रेसरचं पॅग तेल घरच्या सिस्टिमीत नको. दुकानात घ्यायच्या आधी लाल कपलर स्वतः लावून-काढून पहा, आणि रबराचं पाकीट फुकट मागा. मागितलं तर देतात.