सिरसिल्ल्याची सभासदांची वीज सोसायटी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं कमिशन: रिव्ह्यू

सोसायटीला 5 पैकी 4, कमिशनला (म्हणजे तेलंगणाच्या वीज नियामक आयोगाला) साडेतीन. रेटिंग आधीच सांगून टाकतो कारण पुढं जरा लांबण लागणार आहे.

नांदेडकडच्या लोकांना सिरसिल्ला काही नवं नाही, तेलंगणातलं मागाचं गाव, आपल्या इकडच्या कितीतरी पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरांच्या सोयरिकी तिकडं आहेत, माझी बहीण पण तिथंच दिलीय आणि दाजींचे पॉवरलूम आहेत. धर्माबाद, बासर, निजामाबाद, कामारेड्डी करत गेलं की गाव येतं. तिथं घरोघरी वीज पोचवते ती सरकारी कंपनी नाही, को-ऑपरेटिव्ह इलेक्ट्रिक सप्लाय सोसायटी, सगळे तिला ‘सेस’च म्हणतात. 1970 पासून चालू आहे आणि अख्ख्या तेलंगणात अशी ही एकच. ग्राहकच सभासद, सभासदच मालक, आणि साखर कारखान्याला असतं तसं संचालक मंडळ मतदानानं निवडून येतं. डिसेंबर 2022 ला निवडणूक झाली तेव्हा 15 संचालकांच्या जागा होत्या.

सर्व्हिसचं आधी सांगतो. मागाच्या गावात लाईट गेली की खटखट एकदम बंद पडती आणि सगळी गल्ली बाहेर येती, तिथं कुणाला विचारावं लागत नाही की तक्रार कुठं करायची. ऑफिस गावातच, आणि आपल्या भागाचा संचालक कोण हे चहाच्या टपरीवर पण माहीत असतं. दाजींचं म्हणणं एकच, “माणूस सापडतो रे, बाकी काही असो.” मला ते पटलं, विजेच्या बाबतीत अर्धं समाधान जबाबदार माणूस समोर दिसण्यातच असतं. म्हणून 4 स्टार.

पण मला खरी उत्सुकता होती ती ही की मालकच ग्राहक असल्यावर वरून बघतंय कोण? मालकांनी ठरवलं बिल अर्धं करू तर? किंवा संचालकांनी पैसा भलतीकडं घातला तर? दाजींना खोदून खोदून विचारलं, मग येऊन कायदा वाचला, आणि तेव्हा लक्षात आलं की सोसायटीवर दोन जण बसलेत. निवडणूक, ऑडिट, सभासदत्व हे सहकार खात्याकडं, आणि विजेचा सगळा कारभार तेलंगणाच्या वीज नियामक कमिशनकडं.

ह्या कमिशनचं हत्यार काय तर सूट. एरवी वीज वाटायला लायसन लागतं, पण 2003 च्या वीज कायद्यात कलम 13 आहे, त्यात सहकारी सोसायटी, पंचायत, ग्राहकांची संघटना अशांना राज्य सरकारच्या शिफारशीवरून कमिशन लायसनमधून सूट देऊ शकतं, पण कमिशन घालील त्या अटींवर आणि ठरवील तेवढ्याच मुदतीसाठी. म्हणजे सोसायटी कितीही जुनी असली तरी सूट कायमची नाही. हे नुसतं कागदावर नाही बरं का, शेजारी आंध्रात कुप्पम, अनकापल्ली आणि चीपुरुपल्ली इथल्या अशाच सोसायट्यांची सूट पुढं चालू ठेवायला 2021 ला तिथल्या कमिशननं नकार दिला आणि सरकारी कंपन्यांना कारभार ताब्यात घ्यायला सांगितला. सिरसिल्ल्याच्या प्रत्येक संचालकाच्या डोक्यात ही गोष्ट असणारच.

दुसरं म्हणजे पैसा. सेस स्वतः वीज तयार करत नाही, वरंगलच्या, राज्याच्या उत्तर विभागाला वीज देणाऱ्या सरकारी कंपनीकडून घाऊक घेते आणि पुढं वाटते. ती घाऊक कोणत्या भावानं मिळणार ते कमिशन ठरवतं, आणि सभासदाला बिल कोणत्या दरानं लावायचं ते पण कमिशनच ठरवतं, राज्यातल्या सरकारी कंपन्यांना जो दर तोच इथं. मधल्या फरकात पगार, तारा, ट्रान्सफॉर्मर, गळती (वाटेत वाया किंवा चोरीला जाणारी वीज) सगळं बसवायचं. त्यासाठी पुढच्या वर्षी किती येणार, किती जाणार, गळती किती धरली हे सगळं सोसायटीला कमिशनपुढं मांडावं लागतं, मग ते जाहीर होतं, हरकती मागवतात, सुनावणी होते, आणि कायद्यानं अर्ज आल्यापासून 120 दिवसांत निकाल द्यायचा असतो. मला ह्या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटली. निवडणुकीत पॅनल पक्षांच्या पाठिंब्यावर लढतात, भाषणं होतात, पण गळती किती आणि वसुली किती हा आकडा भाषणात लपतो, कमिशनपुढच्या कागदात तो लिहावाच लागतो.

आता कमिशनचा दीड स्टार कशाला कापला ते. एक, मालक असून पण बिलात पैशाचा फायदा दिसत नाही, दर सारखाच, म्हणून नव्या पोराला विचारलं सोसायटी कशाला पाहिजे तर त्याला सांगता येत नाही. सोसायटीनं गळती कमी केली तर त्यातलं थोडं तरी सभासदाला बिलात दिसायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन, कमिशनचे निकाल शेकडो पानांचे असतात, त्यात सिरसिल्ल्याचं नेमकं काय झालं हे हुडकायला मागवाल्याला वेळ कुठून मिळणार, दोन पानांत त्यांच्या भाषेत सांगायला काय हरकत आहे.

आपल्याकडं पण असं होतं हे नव्या लोकांना माहीत नसतं. श्रीरामपूर-राहुरीकडं मुळा-प्रवरा वीज सोसायटी होती, 2011 ला लायसनची मुदत संपली आणि आपल्या महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानं त्या भागाचा वीजपुरवठा महावितरणकडं दिला. घाऊक विजेची थकबाकी डोंगराएवढी झाली होती. तिकडच्या जुन्या लोकांना अजून वाईट वाटतं, पण मला वाटतं आयोगानं आधीच्या वर्षांत वसुलीवर अजून कडक लक्ष ठेवलं असतं तर सोसायटी कदाचित राहिली पण असती. बघणारा ढिला पडला तर नुकसान मालकाचंच होतं, आणि इथं मालक म्हणजे शेतकरी होता.

मराठवाड्यात सहकारी वीज नाही, पण कायदा तोच आहे आणि 1999 पासून महाराष्ट्राचा आयोग पण आहे, म्हणून आपल्या कामाचं सांगतो. दरवाढीचा अर्ज आला की पेपरात जाहिरात येती, हरकत कुणीपण देऊ शकतो, वकील लागत नाही, आणि मोठ्या दरप्रस्तावांची सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होत आलेली आहे. लातूर, परभणी, हिंगोलीच्या माणसानं एकदा तरी जाऊन बसावं, स्वतःच्या बिलाचं पोस्टमॉर्टम समोर होताना बघायला मिळतं. बिलाची तक्रार असंल तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडं लेखी द्या आणि पोच घ्या, तिथं नाही भागलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जायचं, मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल. आणि थकबाकीवरून लाईन तोडायची असली तरी कलम 56 प्रमाणं 15 दिवसांची लेखी नोटीस लागती, तोंडी सांगून चालत नाही, हे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

सिरसिल्ल्याला कुणी पाहुणा म्हणून गेलं तर साड्या बघून झाल्यावर सेसच्या ऑफिसवरून पण एक चक्कर मारा, आणि कुणाचे सोयरे तिथं सभासद असतील तर खाली लिहा की त्यांच्या मंडलात (तिकडच्या तालुक्यात) सर्व्हिस कशी आहे, मी फक्त गावातलं बघितलंय, शेतातल्या मोटारीचं मला नीट माहीत करून घ्यायचंय.